सुजाताची चादर कुठे ठेवलीत?

अंबादासकाका, आई-वडील सोडले तर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगेन. आणि सध्या सगळ्यात जास्त राग कुणाचा आलाय, असं विचारलं तरी तुमचंच सांगेन. तुमचे दिवस होऊन गेले. पाहुणे आपापल्या गावी गेले. शुक्रवार पेठेतल्या त्या पुढच्या खोलीत तुमच्या फोटोला हार आहे आणि फोटोच्या बरोबर खाली तुमचा कॉम्प्युटर आहे. दर रविवारी मी जुळे सोलापूरहून येतो, त्याच्यासमोर बसतो आणि फोटोकडे न बघता तुमच्याशी भांडतो. सुजाताची चादर कुठे ठेवलीत?

ती आहे हे नक्की. तुम्हीच सांगितलं होतंत. माझ्याकडे शेवटचे आला होतात तेव्हा चहा पिता पिता म्हणालात, "झालंय बे. किनार तेवढी राहिलीय." मी विचारलं, कुठे ठेवलीय? तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "हाय की घरात." घरात म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे कुठे, हे विचारायची सोय तुमच्यापाशी कधीच नव्हती.

तुम्ही कारखानदारांची डिझाईनं काढायचात, पण थोरल्या विजयाअक्काच्या लग्नात खास तिच्यासाठी चादरीचा ग्राफ काढलात, चौकोनाचौकोनाने विणकामाचा नकाशा. राजय्या शेठच्या कारखान्यात, त्यांच्या नक्षी विणणाऱ्या चांगल्या जेकॉर्डच्या मागावर, ती एकच चादर विणली. डिझाईन बघून कितीतरी कारखानदार मागे लागले होते. तुम्ही कुणाला दिलं नाहीत. "माझ्या लेकीची चादर दुसऱ्याच्या गादीवर दिसायची न्हाई," एवढंच म्हणालात. धाकटी सुजाता तेव्हा शाळेत होती. तिने विचारलं, "नाना, माझी?" तुम्ही म्हणालात, "तुझं ठरू दे अम्मा, काढतो की."

तिचं ठरलं. तुम्ही काढायला घेतलीत. आणि मग तुम्ही गेलात. कसे गेलात ते इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि मला ते लिहायला जमणार नाही.

थोरल्या मंडळींनी ठरवलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. मुलाकडच्यांनीही समजून घेतलं. सुजाताने सगळ्याला हो म्हटलं. साड्या काकूंनी ठरवल्या, हॉल मामांनी ठरवला, तिने कशातच मन घातलं नाही. फक्त एकदा मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "दादा, दप्तर अक्काचं, सायकल अक्काची, दहावीची पुस्तकंसुद्धा अक्काची होती. मी कधी काही बोलले नाही. ही एकच वस्तू पहिल्यापासून माझी असणार होती. तेवढी शोधून द्या की."

म्हणून मी बसलो. बी. कॉम. झालोय, चिंचोळी एमआयडीसीत डिस्पॅचला बसतो, रोज शेकडो चलनांतून एक चलन काढून देतो. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे.

काका, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो दिवस मला आठवतो. गच्चीवरची पत्र्याची खोली बघायला वडील आणि मी आलो होतो. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं. वडील ग्रामपंचायतीचं पाणी सोडतात. ते तुमच्यापुढे टोपी हातात घेऊन उभे होते. तुम्ही भाडं सांगायच्या आधी मला विचारलंत, "इंग्रजी वाचता येतं का?" मी घाबरत हो म्हटलं. मला पकडून तुम्ही थेट कॉम्प्युटरसमोर नेलंत. पडद्यावर एक पाटी आली होती. "वाच की ग्रॅज्युएट, काय म्हणतंय हे?" मी बारावी होतो. तरी त्या दिवसापासून तुम्ही मला ग्रॅज्युएटच म्हणालात.

मी वाचलं. ते विचारत होतं की ही फाईल खोडायची, याबद्दल तुमची खात्री आहे का.

"माझी कधी खात्री असती बे? न्हाई म्हण."

मी नो दाबलं. खोली मला मिळाली.

त्यानंतर कितीदा तरी आपण दोघं त्या पाट्यांसमोर डिक्शनरी घेऊन बसलो. माझं इंग्रजी तुम्ही समजत होतात तेवढं चांगलं नव्हतं, हे तुम्हाला चार दिवसांतच कळलं असणार. तुम्ही कधी दाखवलं नाही. उन्हाळ्यात तुम्ही कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करायचात. काकू ओरडायच्या की माणसं इथे घामाने भिजायलेत आणि त्या डब्याला वारा कशाला. तुम्ही म्हणायचात, "त्याला गरम झालं तर बंद पडतंय, तुला गरम झालं तर तू बोलती तरी." आणि मग मला खालून हाक मारायचात, "ए ग्रॅज्युएट, वर पत्र्याखाली भाजतोयस कशाला? पुस्तक घेऊन हितं बस. मी जरा पडतो." सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये मी पेपरांचा अभ्यास गार हवेत केला. माझ्या वर्गातल्या खेड्यातल्या एकाही पोराला ते मिळालं नाही.

हे मी विसरलेलो नाही. पण तुमच्या फायलींबद्दल बोलायचं तर मला दात-ओठ खावेसे वाटतात.

पहिल्या रविवारी मी तारखेवरून शोधायला गेलो. साधा हिशोब होता. शेवटचं काम म्हणजे सगळ्यात नवी फाईल. यादी लावली तर सगळ्या फायलींवर एकच जुनं वर्ष. तुम्ही कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल कधी बदललाच नव्हता! लाईट गेली की त्याचं कॅलेंडर पुन्हा पहिल्या दिवसावर, आणि आपल्या पेठेत लाईट किती वेळा जाते ते काय सांगायचं. तुमच्या आयुष्यभराच्या कामाचा जन्म एका आठवड्यात झालाय, काका. मी तुम्हाला म्हटलं होतं, सेल बदलू या. तुम्ही म्हणाला होतात, "भिंतीवर घड्याळ हाय की, त्याच्यात कशाला पाहिजे?"

मग नावावरून. इथे तर मी डोक्याला हात लावला.

तुमच्या नावांची गोष्ट मला माहीत होती, पण ती इतकी पसरली असेल असं वाटलं नव्हतं. कधीतरी कुणीतरी कारखानदार चहाला आला, तुम्ही आत पाणी आणायला गेलात, तेवढ्यात त्याने पेन ड्राईव्ह लावला. दोन महिन्यांनी तुमचा मोर दुसऱ्याच मार्काच्या टॉवेलवर बाजारात. तुम्ही त्याच्याशी भांडायला गेला नाहीत. घरी येऊन मोराच्या फाईलचं नाव बदलून 'गॅस नंबर' केलंत. मग हंस झाला 'शाळा फी'. द्राक्षाचा वेल झाला 'लाईट बिल'. कुणी कॉम्प्युटर उघडून बघितला तर त्याला वाटावं, हा माणूस नुसती बिलं भरतो. डिझाईन चोरणारा बिलं कशाला चोरेल, हे तुमचं म्हणणं. ते एकदा पटण्यासारखं होतं. पण पन्नासावं लाईट बिल झाल्यावर तुम्हाला तरी आठवत होतं का, कुठलं बिल म्हणजे कुठलं फूल?

"आठवतंय की," असं तुम्ही म्हणायचात. आणि मग दुपारभर बसून एकेक बिल उघडायचात.

सुजाता माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली होती. मी फाईल उघडायचो, ती विचारायची.

"हे काय आहे?"

"बदक."

"हे?"

"हे पण बदकच. दुसऱ्या कारखान्याचं."

"आणि हे चपटं काय आहे?"

सगळंच चपटं होतं. तिला मी समजावलं, जसं तुम्ही मला समजावलं होतंत. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे कापडातली धाग्यावर धाग्याची एक गाठभेट. उभे धागे आणि आडवे धागे एकसारखे दाट नसतात, म्हणून पडद्यावर डिझाईन दाबलेलं दिसतं आणि कापडावर सरळ उभं राहतं. लाल म्हणजे लाल नव्हे, लाल म्हणजे इथे धागा उचलायचा. "पडद्यावर छान दिसतंय ते मागावर बोंबलतंय," असं तुम्ही म्हणायचात. खरं असेल. पण ज्याला शोधायचं आहे त्याने काय करावं? समोर चपटी बदकं, चपटे मोर, चपटी देवळं, आणि सगळ्यांच्या खाली 'गॅस नंबर'.

एकदा मी फार आशेने 'हंस' नावाची फाईल उघडली. वाटलं, हे खरं नाव आहे म्हणजे काहीतरी वेगळं असणार. आत खरोखरचं लाईट बिल निघालं. सुजाता इतकी हसली की काकू आतून बघायला आल्या, आणि तिचं हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. काकूंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. मी पडद्याकडे बघत राहिलो. काका, हा काय व्यवहार झाला? स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांपासून?

आणि तिथेच बाजूला माझे फोल्डर होते. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी सुट्टी तुमच्या कॉम्प्युटरवर घालवली होती. कारखान्याचं नाव, त्याच्या आत चादर, टॉवेल, नॅपकीन, त्याच्या आत वर्ष. सगळी पिवळी घरं ओळीने. मला फार अभिमान वाटला होता. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "घरं बांधून झाली. आता राहायला कोण येतंय बघू." कुणीच आलं नाही. एकेक उघडून बघितलं, आजही ते सगळे रिकामे आहेत. तुम्ही ते पुसलेही नाहीत आणि वापरलेही नाहीत. मला कळत नाही की याचा राग मानू की काय करू.

त्यावरून आपलं किती वाजायचं. मी म्हणायचो, काका, वस्तू ठेवताना दुसऱ्याला सापडेल अशी ठेवावी. तुम्ही म्हणायचात, दुसऱ्याला सापडेल अशी ठेवली तर ती माझी कशी राहील? मी म्हणायचो, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? तुम्ही म्हणायचात, "तर तू हाईस की, ग्रॅज्युएट." आणि विषय संपायचा. तुम्ही तो असाच संपवायचात, माझं कौतुक करून, म्हणजे मला पुढे बोलता येऊ नये. आता मी आहे, आणि मला सापडत नाही. माझंच बरोबर होतं, काका. बरोबर असण्याचा एवढा वैताग मला आजवर कधी आला नव्हता.

राजय्या शेठचा फोन यायचा. "मिळाला का ग्राफ? माग रिकामा ठेवलाय मी. पण किती दिवस ठेवू, सांग की. पुढची ऑर्डर उभी हाय, कामगार बसून हायत." त्यांचा आवाज मोठा असला तरी ते चिडलेले नव्हते. तुमच्याबरोबर त्यांनी आयुष्य काढलंय. एकदा ते स्वतः आले, माझ्यामागे उभे राहून दहा-बारा फायली बघितल्या आणि म्हणाले, "हे माझंच डिझाईन 'रॉकेल' नावानं ठेवलंय व्हय रे अंबादास?" फोटोकडे बघून बोलले. मग खुर्चीत बसून राहिले. जाताना म्हणाले, "येत्या शनिवारपर्यंत ठेवतो. मग मला माग लावावा लागंल. माफ कर पोरी."

आता काळजी फक्त चादरीची राहिली नव्हती. शनिवार गेला तर सुजाता काही बोलणार नाही, नेहमीसारखी गप्प बसेल, आणि सासरी जाताना बाजारातली कुठलीतरी चांगली चादर घेऊन जाईल. आणि तिच्या मनात कायमचं राहील की अक्काची झाली, आपली झालीच नसेल. नाना उगाच म्हणाले असतील. हे मला चालणार नव्हतं. तुम्ही फायलींची नावं खोटी ठेवायचात, पण माणसांना खोटं सांगायचा नाहीत.

मी ऑफिसातून सुट्टी घेतली. आकारावरून यादी लावली, कारण चादरीची फाईल टॉवेलपेक्षा मोठीच असणार. वरून खाली एकेक उघडत गेलो. अर्ध्यात कॉम्प्युटर अडकला. जागा नाही म्हणाला, पाटी आली, उघडेचना. इतक्या वर्षांत त्याच्या पोटात काय काय भरलंय, देव जाणे. मी म्हटलं, आधी कचरापेटी रिकामी करतो, जरा तरी जागा होईल. तेही मी तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचात, "असू दे की. काय खायला मागतंय का?" मला वाटायचं, त्या इंग्रजी पाटीची भीती अजून गेली नाही.

मी रिकामी करा म्हटलं. पाटी आली. हे सगळं कायमचं खोडायचं, खात्री आहे का?

सुजाता म्हणाली, "नाना असते तर म्हणाले असते, न्हाई म्हण."

माझा हात यसवर गेला होता. चिडलेलो होतो, घाई होती. पण ती असं म्हणाल्यावर यस दाबवेना. मी नो दाबलं, तेही चिडूनच. आणि मग सहज, कचऱ्यात एवढं काय साचलंय बघावं म्हणून, ती उघडली.

काका, तुम्ही घरच्या वस्तू कचरापेटीत ठेवत होतात?

 काकूंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या. कचरापेटीत बिलं नव्हती. गॅस नव्हता, रॉकेल नव्हतं. तिथे सगळ्यांची खरी नावं होती. 'लक्ष्मी'. 'आईचा फोटो'. 'विजया लग्न'. 'सुजाता'. सुजाताने पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव टाकून सगळा कॉम्प्युटर धुंडाळला होता. पण तो शोध कचऱ्यात जात नाही. कचऱ्यात कोण हात घालतंय, असाच तुम्ही विचार केला असणार. मला तुमचा आवाजसुद्धा ऐकू आला.

आधी मी हसलो आणि मग मला घाम फुटला. कारण एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती आणि मला आहे. ती पेटी भरली की जुनं आपोआप निघून जातं, विचारतही नाही. 'विजया लग्न' उघडलं तर ते नुसते मंडपातले फोटो निघाले. अक्काच्या चादरीचा ग्राफ तिथे नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. भिवंडीला अक्काच्या कपाटात ती चादर आहे तेवढीच. तो ग्राफ गेला. त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं हे आता कुणालाही कळणार नाही, कारण काय होतं हे फक्त तुम्हाला माहीत होतं. एवढ्या चोरांपासून जपलंत आणि शेवटी पेटीनेच खाल्लं. याचा राग मी कुणावर काढू? मला विचारलं असतंत, काका. एकदा, नुसतं एकदा. "ग्रॅज्युएट, हितं ठेवलं तर चालतंय का?" असं.

'सुजाता' पेटीतून काढून जागेवर ठेवली आणि उघडली. चपटं काहीतरी. लाल ठिपक्यांचे पुंजके, ओळीने. मी ते कापडाच्या मापाने ओढून उभं केलं. चिमण्या होत्या. रांगेने बसलेल्या, मध्ये मध्ये काड्या.

"अय्यो," काकू म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. सुजाता लहान असताना एका उन्हाळ्यात कूलरच्या गवतात चिमणीने घरटं केलं. सुजाता कूलर लावू देईना, रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही म्हणालात, बरं अम्मा. तो सगळा उन्हाळा घरादाराने उकाड्यात काढला आणि तुम्ही पुठ्ठ्याने वारा घालत काम केलंत. मी तेव्हा तुमच्याकडे नव्हतो. सुजाताला स्वतःलाही ते आठवत नव्हतं.

आणि किनार खरंच राहिली होती. चारही बाजूंनी पट्टा आखलेला, आत कोरं पांढरं. तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढंच आणि तसंच.

राजय्या शेठ आले. बघितलं आणि थेट कामाला लागले. "किनारीचं सोपं हाय. अंबादासच्याच दुसऱ्या चादरीची लावू. वेल हाय, त्रिकोन हाय, पाहिजे ती निवड. त्याचाच हात, कुणाला कळंल?"

"नको," सुजाता म्हणाली.

"का गं?"

"म्हणजे पुन्हा दुसऱ्याचंच झालं की, शेठ."

"अगं, पण बिनकिनारीची चादर म्हणजे काय? पंचा वाटंल पंचा. लोक काय म्हणतील, राजय्यानं अंबादासच्या पोरीला उघडी चादर दिली?"

"म्हणू दे की."

मी शेठच्या बाजूने बोललो. मी म्हटलं, सुजाता, वेलाची किनार काकांनीच काढलेली आहे, चिमण्यांना शोभेल, अर्ध्या तासाचं काम आहे.  काकू इतका वेळ खाली बसून पडद्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पट्टा कापू नका. जागा त्यांनी सोडलीय ना? तेवढी जागा सोडून विणा. कोरी." शेठनी माझ्याकडे बघितलं, मी शेठकडे. मग ते उठले.

मला हे अजून पटलेलं नाही. किनार लावायला हवी होती असंच मला वाटतं. तुम्ही असता तर आपण यावर भांडलो असतो, आणि तुम्ही कुणाच्या बाजूने असता हे मला आता सांगता येत नाही. त्याचाही मला त्रास होतो. चादर शनिवारच्या आत मागावर चढली. निळ्या जमिनीवर पांढऱ्या चिमण्या. सुजाताने ती घडी न मोडता छातीशी धरून रिक्षातून घरी आणली, कुणाला हात लावू दिला नाही. मला म्हणाली, "दादा, आता एवढं करा. बाकीच्या सगळ्यांना खरी नावं द्या." मी देतोय. दर रविवारी थोडी थोडी. बदकाला बदक. मोराला मोर. माझी पिवळी घरं भरायला लागली आहेत. तुम्हाला आवडलं नसतं. पण आता चोरायला कोण येणार? आणि आलंच कुणी, तर घेऊन जाऊ दे, निदान तुमचा मोर कुठेतरी नाचेल. वाईट वाटतं ते याचं की प्रत्येक नाव बदलताना मला तुमचं जुनं नाव पुसावं लागतं. 'रॉकेल' पुसताना माझा हात थांबला होता.

पेटीत आणखी एक नाव होतं. 'महादेव'. माझं. सुजाता चादर आणायला कारखान्यात गेली होती तेव्हा मी ती फाईल बाहेर काढली. त्यात कुठलंही डिझाईन नव्हतं. बी. कॉम.चा निकाल लागला तेव्हा मी गावाहून तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवलं होतंत. पत्राबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. मला तर वाटलं होतं, ते पोचलंच नसेल. त्याच्यासोबत जी झेरॉक्स पाठवली होती ती मात्र कुठल्या बिलात आहे ते अजून सापडलेलं नाही. पत्र असं आहे.

तीर्थरूप अंबादासकाका यांस,

साष्टांग नमस्कार.

काल निकाल लागला. मी पास झालो. सेकंड क्लास मिळाला. आईने घरोघर साखर वाटली. मी पेढे आणायला अक्कलकोटला निघालो होतो, पण ती म्हणाली, साखरसुद्धा गोडच असते. वडिलांनी मार्कशीट हातात घेतली आणि दोन्ही बाजूंनी बघितली. म्हणाले, "म्हंजे आता तू कोन झालास?" मी म्हणालो, ग्रॅज्युएट. ते म्हणाले, "त्ये तर काका तुला पयल्यापासून म्हनत्यात की."

मला तुमच्यासमोर बोलता येणार नाही म्हणून लिहीत आहे. दुपारी जरा पडतो म्हणून तुम्ही मला कॉम्प्युटरपुढची गार जागा द्यायचात. तुम्हाला दुपारी कधीच झोप लागत नाही, हे काकूंनी मला परवा निघताना सांगितलं. तुम्ही आतल्या खोलीत छताकडे बघत पडून असायचात, असं त्या म्हणाल्या. माझ्या घरातले कुणी शिकलेले नाहीत, त्यामुळे शिकणाऱ्याला काय लागतं हे त्यांना माहीत नाही. तुम्हाला कसं माहीत होतं, हे मला विचारायचं आहे. भेटल्यावर विचारीन.

सोबत मार्कशीटची झेरॉक्स जोडली आहे. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत ठेवली तर उंदीर आहेत. तुम्ही ती कॉम्प्युटरमध्ये ठेवून द्या. पण एक विनंती आहे, रागावू नका. ती माझ्याच नावाने ठेवा. आमच्या घरात कुणाच्या नावावर पदवी असलेला हा पहिलाच कागद आहे. तो चोरून कुणाला काही उपयोग नाही. लागेल तेव्हा सापडला पाहिजे.

आपला,
महादेव